अंगाच्या उष्णतेवरची वीज : व्होल्ट नको, मायक्रोवॅट सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आता अंगाच्या उष्णतेवर मोबाइल चार्ज होणार’ अशा मथळ्याच्या बातम्या मराठी दैनिकांत अधूनमधून झळकतात. सोबत मनगटाला गुंडाळलेल्या लवचिक पट्टीचा फोटो असतो. संशोधन बहुतेक वेळा अस्सल असते, मथळा मात्र हवेतला. एरवी हे सोडून दिले असते. पण याच मथळ्यांवरून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट ठरतात, बाजारातून पेल्टियर प्लेट (वीज दिली की एका बाजूने गार होणारी, आणि उलट दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की थोडी वीज देणारी) आणली जाते आणि सबमिशनच्या आठवड्यात, ऐन एप्रिलमध्ये, एलईडीसुद्धा का लागत नाही म्हणून पोरे डोक्याला हात लावून बसतात. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

आधी हिशेब. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. ऐकायला भरपूर वाटते, पण ती सगळ्या कातडीवर पसरलेली असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ६ मिलिवॅट. शरीराच्या आत ३७ अंश आणि खोलीत २७ अंश धरले, तर कुठलेही आदर्श यंत्र त्यातून ३ टक्क्यांच्या थोडे वर जाऊ शकत नाही. हे कार्नोचे बंधन आहे आणि कोणत्याही नव्या पदार्थाने ते तुटत नाही. त्या १० अंशांपैकी फार तर निम्मे आपल्या पट्टीवर पडतात, आणि खोलीच्या तापमानाला आज सर्वाधिक वापरला जाणारा बिस्मथ टेल्युराइड कार्नोच्या मर्यादेचा साधारण सहावा हिस्सा वीज म्हणून देतो. सगळे गुणून हाती येतात दर चौरस सेंटिमीटरला १५ ते २० मायक्रोवॅट. मिलिवॅट नव्हे, मायक्रोवॅट.

तळहाताएवढी, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरची पट्टी धरली तरी २ मिलिवॅट. ५००० एमएएचच्या मोबाइलच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात. भागाकार केला की ४०० दिवस येतात, तेही अंगावरून पट्टी न काढता आणि मधल्या सर्किटमध्ये काहीच वाया जात नाही असे मानून.

मग बातम्यांतले ‘दर चौरस सेंटिमीटरला एक व्होल्ट’ कुठून येतात? कोलोरॅडो विद्यापीठाच्या (बोल्डर) गटाचा २०२१चा शोधनिबंध पाहा. काम उत्तमच आहे : तुटली तरी सांधणारी, ताणता येणारी, वापर संपल्यावर विरघळवून पुन्हा बनवता येणारी पट्टी. पण त्यातला एक व्होल्टचा आकडा तापमानातला फरक ९५ अंश असतानाचा आहे, आणि तोही काहीच भार, म्हणजे वीज खाणारे काहीही, न जोडता मोजलेला. मनगटाच्या एका बाजूला कातडी आणि दुसऱ्या बाजूला ९५ अंशांनी गार हवा असा माणूस पृथ्वीवर सापडायचा नाही. निबंधात ही अट स्पष्ट लिहिलेली आहे, बातमीत येईपर्यंत ती गळते. शिवाय भार नसताना व्होल्टेज वाढवणे सोपे असते, वीज देणाऱ्या पदार्थाच्या तुकड्यांच्या बारीक बारीक जोड्या जास्त घातल्या की झाले. वीज किती निघाली, हे भार जोडल्यावरच कळते.

आता पेल्टियर प्लेटकडे येऊ, कारण प्रत्यक्षातली फसगत इथेच होते. सगळ्यांच्या हाती पडणारी टीईसी१-१२७०६ ही ४० बाय ४० मिलिमीटरची प्लेट. आत १२७ जोड्या, म्हणजे २५४ लेग (बिस्मथ टेल्युराइडचे छोटे खांब). एका अंशाच्या फरकाला सुमारे ५० मिलिव्होल्ट, अंतर्गत रोध २ ओहमच्या आसपास. इथवर ठीक. पण तिचा औष्णिक रोध, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, आहे फक्त २ अंश प्रति वॅट. ती थंड करण्यासाठी बनवलेली असते, उष्णता झटकन पार नेणे हाच तिचा गुण. मनगटाकडून १६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभागापर्यंत उष्णता यायला शरीराचा स्वतःचा रोध साधारण २० अंश प्रति वॅट, आणि तेवढ्याच पृष्ठभागावरून शांत हवेत उष्णता जायला आणखी ६० च्या वर. तिन्ही एकामागोमाग. म्हणजे १० अंशांपैकी प्लेटच्या वाट्याला पाव अंशाहून कमी आणि मीटरवर १२ मिलिव्होल्ट. वर उष्णता हवेत सोडणारा, धातूच्या पात्यांचा छोटा हीट सिंक बसवून हवेकडचा रोध १५ वर आणला, तर अर्धा अंश आणि २७ मिलिव्होल्ट.

‘एलटीसी३१०८ (अगदी कमी व्होल्टेज वाढवून देणारी चिप) तर २० मिलिव्होल्टवर चालते’ असे यावर हमखास ऐकू येते. चालते, पण ते २० मिलिव्होल्ट तिच्या इनपुटवर, भाराखाली हवेत. १:१०० ट्रान्सफॉर्मरसह ती २ ते १० ओहमचा भार दाखवते. प्लेटचे स्वतःचे २ ओहम मध्ये आहेतच, त्यामुळे मोकळ्या टोकांवर दिसणाऱ्या २७ पैकी निम्म्याच्या आसपास उरतात आणि चिप बहुधा उठतच नाही. मुले मग चिप बदलतात, ट्रान्सफॉर्मर बदलतात, ब्रेडबोर्डला दोष देतात. चिपचा यात काही दोष नसतो.

व्हिडिओंत मात्र बोट टेकवताच दिवा लागतो, याचे कारण वेगळे. प्लेटची एक बाजू लोखंडी टेबलावर किंवा बर्फाच्या पाण्याच्या डब्यावर असते. पहिले काही सेकंद फरक मोठा असतो, मग दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ येतात आणि आकडा कोसळतो. व्हिडिओ त्याआधी संपलेला असतो. प्रोजेक्ट तपासताना एवढे करावे : पट्टी हातावर बांधून, भार जोडून, अर्धा तास दर मिनिटाला नोंद घ्यायला सांगावी आणि शेवटच्या दहा मिनिटांची सरासरी तेवढी धरावी. बर्फ टेबलावर दिसला की गुण कापावेत.

अंगावरच्या उष्णतेसाठी प्लेट वेगळ्या मापाचीच हवी. नियम असा की पट्टीचा औष्णिक रोध हा शरीर आणि हवा मिळून जो रोध होतो त्याच्या बरोबरीचा असावा, तरच निम्मा फरक पट्टीवर पडतो. वरच्या उदाहरणात तो ३५ हवा होता, आपण २ घेऊन बसलो. रोध वाढवायचा तर लेग उंच आणि बारीक करावे लागतात आणि विरळ लावावे लागतात. अर्धा बाय अर्धा मिलिमीटर जाडीचे, अडीच मिलिमीटर उंच असे १३२ लेग, म्हणजे ६६ जोड्या, त्याच १६ चौरस सेंटिमीटरवर पसरल्या तर लेगांचा एकत्र रोध ५० च्या आसपास जातो. फरक सहा अंशांच्या जवळ, मोकळे व्होल्टेज दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास, आणि जुळत्या, म्हणजे पट्टीच्या विद्युत रोधाएवढ्या, भारावर सुमारे ०.४ मिलिवॅट. हे कागदावर.

प्रत्यक्षात पट्टी लवचिक करण्यासाठी लेगांमधली जागा सिलिकोन रबराने भरतात, आणि इथे सगळा खेळ बिघडतो. असे रबर उष्णता वाहून नेण्यात बिस्मथ टेल्युराइडच्या साधारण एकसप्तमांश, म्हणजे वाईट वाहक खरे, पण वरच्या मांडणीत लेगांनी क्षेत्रफळाचे २ टक्केच व्यापलेत. उरलेल्या ९८ टक्क्यांतून रबर लेगांपेक्षा सहापट उष्णता परस्पर पळवते, आणि त्या उष्णतेतून वीज शून्य. पट्टीवरचा फरक सहा अंशांवरून दीडवर येतो आणि वीज फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ०.४ मिलिवॅटचे ३० मायक्रोवॅट होतात. मधली जागा रिकामी, नुसत्या हवेची ठेवली तर हेच २५० मायक्रोवॅटच्या जवळ राहतात. म्हणून रबर टाळावे, किंवा फक्त कडेला आणि वरखाली पातळ थर द्यावा. रबराचा फेस किंवा एरोजेलची (हवेने भरलेल्या, अतिहलक्या उष्णतारोधक पदार्थाची) भुकटी मिसळलेले रबर वापरणारे गट आहेत, त्यामागचे कारणही हेच. ‘लवचिक’ या शब्दाची ही खरी किंमत आहे, आणि बातम्यांत तिचा उल्लेख क्वचितच असतो.

वाकणे हा दुसरा जाच. बिस्मथ टेल्युराइड ठिसूळ असतो आणि ठरावीक थरांवर चिरतो. लेग वाकवायचे नसतातच, वाकायला हव्यात त्या मधल्या जोडण्या. पॉलिइमाइड या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर नागमोडी तांबे हा एक मार्ग. दुसरा मार्ग नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये दाखवला : नेहमीचेच घट्ट लेग आणि त्यांना जोडणारा द्रव धातू, वजनाने तीन भाग गॅलियम आणि एक भाग इंडियम. हा मिश्रधातू १५-१६ अंशांना वितळतो, त्यामुळे अंगावर तो कायम द्रवच, ताणला तरी तुटत नाही. निफाडच्या जानेवारीत पट्टी खुंटीला टांगून ठेवली तर मात्र तो गोठू शकतो, एवढे ध्यानात असू द्यावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा द्रव अॅल्युमिनियम पोखरतो. त्याच्या जवळपास अॅल्युमिनियमची पट्टी, हीट सिंक किंवा फॉइल असेल तर मध्ये पक्का थर हवाच.

सगळे लेग एकाच माळेत असल्याने दिवाळीतल्या जुन्या दिव्यांच्या माळेसारखी गत होते : एक सांधा उकलला की सगळेच बंद. सांधे करताना लेगच्या टोकांना निकेलचा पातळ थर हवा, नाहीतर तांबे आणि कथील टेल्युराइडमध्ये झिरपत जातात आणि रोध महिन्याभरात चढू लागतो. डाग देण्यासाठी ४२ भाग कथील आणि ५८ भाग बिस्मथचे, १३८ अंशांना वितळणारे सोल्डर आणि १६०-१७० अंशांची हॉट प्लेट पुरते. बाजारातल्या अनेक प्लेटच्या आतले सांधेही कमी तापमानाच्या सोल्डरचेच असतात. तिथे ३५० अंशांची सोल्डरिंगची इस्त्री टेकवली की आतले लेग सुटतात, बाहेरून काही दिसत नाही.

रोध मोजायलाही साधा मल्टिमीटर चालत नाही. त्याचा एकदिश प्रवाह प्लेटमधून गेला की पेल्टियर परिणामाने एक बाजू तापते, दुसरी गार होते, त्या फरकाचे व्होल्टेज मूळ आकड्यात मिसळते आणि चांगल्या प्लेटचा रोध दुप्पटही दिसू शकतो. हाताची ऊब लागली तर आकडा उणेही जातो. टोके उलटसुलट लावून सरासरी काढल्याने हाताचा दोष जातो, पेल्टियरचा जात नाही. १ किलोहर्ट्झवर चार तारांनी मोजणारा मीटर वापरावा. मनगटाच्या वळणाएवढ्या, म्हणजे साधारण ३० मिलिमीटर त्रिज्येच्या नळीवर पट्टी वाकवावी, सोडावी, दर शंभर वाकवण्यांनंतर हा रोध लिहावा. एखादा सांधा जाण्याआधी तो हळूहळू चढताना दिसतो.

कातडीशी संपर्क हा विषय फुटकळ वाटतो, पण आकडा पाहा : १६ चौरस सेंटिमीटरवर फक्त ०.१ मिलिमीटर हवेची फट राहिली तर तिचा रोध २.४ अंश प्रति वॅट, म्हणजे अख्ख्या पेल्टियर प्लेटपेक्षा जास्त. केसाळ मनगटावर एवढी फट सहज राहते. पट्टा आवळून फट घालवू गेलात तर रक्तपुरवठा मंदावतो आणि कातडीच गार पडते. पातळ, मऊ, उष्णतावाहक सिलिकोन पॅड बरा. मनगटाच्या आतल्या, नाडीच्या बाजूला बाहेरच्या बाजूपेक्षा चांगली ऊब मिळते, कपाळावर त्याहून बरी. शर्टाच्या बाहीने पट्टी झाकली की मात्र सगळे संपले.

आणि आता आपल्याकडचा मुख्य मुद्दा, हवामान. बहुतेक प्रयोग १५ ते २२ अंशांच्या खोल्यांत झालेले असतात. २२ अंशांत उपलब्ध फरक १५ अंशांचा, मुंबईच्या ३१ अंशांत तो ६ वर येतो. वीज फरकाच्या वर्गाने घटते, म्हणजे तीच पट्टी इथे सहावा हिस्सा देणार. विदर्भातली गंमत निराळी. ४५ अंशांत हवा कातडीपेक्षा तापलेली असल्याने उष्णता उलटी, बाहेरून आत वाहते. वीज तेव्हाही निघते, फक्त तिची दिशा उलटते. एलटीसी३१०८ ही उलटी वीज घेत नाही. दोन्ही दिशांची घेणारी एलटीसी३१०९ आहे, तिला ३० मिलिव्होल्ट लागतात आणि दोन ट्रान्सफॉर्मर. त्यामुळे खरा वाईट काळ ४५ अंशांचा नाही, ३४ ते ३८ अंशांचा आहे, कारण तेव्हा फरकच उरत नाही. महाराष्ट्रात मार्च ते जूनमधल्या दुपारचे बरेच तास याच पट्ट्यात जातात. त्या वेळी बाहेर ऊन असते, आणि उन्हात एक चौरस सेंटिमीटरचा सोलर सेल १० मिलिवॅटच्या घरात देतो, म्हणजे अंगाच्या उष्णतेच्या शेकडो पट. उन्हात काम करणाऱ्याच्या हातावर उष्णतेची पट्टी बांधण्यात अर्थ नाही.

घामाचेही दोन चेहरे. गार बाजूवर ओले कापड असेल तर बाष्पीभवनाने फरक वाढतो, आकडा छान दिसतो, पण तो कापड सुकेपर्यंतच. आतल्या बाजूचा घाम मात्र मीठ घेऊन तांब्यावर येतो. कडा बंद न केलेली पट्टी आपल्या पावसाळ्यात टिकत नाही.

मग हिचा उपयोग कुठे? जिथे भार लहान आहे, हवा गार आहे आणि पट्टी अंगावरून निघत नाही तिथे. एअर कंडिशन्ड अतिदक्षता विभागात २२-२४ अंश असतात, रुग्ण दिवसरात्र तिथेच. टीएमपी११७ सारखा तापमापक सेकंदाला एकदा मोजून सरासरी साडेतीन मायक्रोअँपिअर घेतो, दर दहा सेकंदांना ब्लूटूथचा एक छोटा संदेश धरून सगळे मिळून वीस-पंचवीस मायक्रोवॅटमध्ये बसते. ईसीजीकडे वळलात की एडी८२३२ ही चिप एकटीच १७० मायक्रोअँपिअर, म्हणजे ५०० मायक्रोवॅटच्या वर मागते. तिथे मोठी पट्टी किंवा वेगळी चिप. हिरव्या दिव्याने नाडी मोजणारे सेन्सर त्याहून खादाड. वीज साठवायला मोठा सुपरकपॅसिटर लावण्याचा मोह टाळावा, त्याची स्वतःची गळती काही मायक्रोअँपिअर असली तरी दहा-वीस मायक्रोवॅट तिथेच गेले. संदेशापुरते २२० ते ४७० मायक्रोफॅरड पुरतात. आणि ६६ जोड्यांच्या पट्टीचा रोध १३ ओहमच्या आसपास जातो, तो चिपला जड. पट्टीचे दोन अर्धे समांतर जोडले तर व्होल्टेज निम्मे पण रोध पाव होतो, आणि चिप सुरू होते.

प्रामाणिक तुलना मात्र वीस-तीस रुपयांच्या सीआर२०३२ या बटणासारख्या सेलशी करायला हवी. त्यात सुमारे २४०० जूल असतात. २० मायक्रोवॅटचा तापमापक त्यावर हिशेबाने पावणेचार वर्षे चालेल, तिथे उष्णतेच्या पट्टीची गरजच काय? २०० मायक्रोवॅटचा भार असेल तर सेल पाच महिन्यांच्या आत संपतो. पट्टीला जागा आहे ती या टप्प्यात, साधारण ५० ते ३०० मायक्रोवॅटच्या. घड्याळवाल्यांना हे कधीच उमगले होते. सेइको (Seiko) या जपानी कंपनीने १९९८ मध्ये अंगाच्या उष्णतेवर चालणारे मनगटी घड्याळ विकायला काढले, कारण घड्याळाला लागतात मोजके मायक्रोवॅट. तरीही बाजार सेलकडे आणि सोलरकडे गेला.

कच्च्या मालाचे एक वाक्य. टेल्युरियम मुख्यतः तांबे शुद्ध करताना उरणाऱ्या गाळातून मिळते. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियमच्या आणि फेब्रुवारी २०२५ पासून टेल्युरियम, बिस्मथ आणि इंडियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आहे. लेगांपासून द्रव धातूपर्यंत या पट्टीतले जवळजवळ सगळे त्यात आले. टेल्युरियमविना चालणारे सिल्व्हर सेलेनाइड, वाकणारे सिल्व्हर सल्फाइड, विजेचे वहन करणारी प्लास्टिके यांवर काम चालू आहे. बातमी द्यायचीच तर त्यांची द्यावी.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच, की अशा बातमीत चार गोष्टी विचारून घ्याव्यात : पट्टीचे क्षेत्रफळ किती, खोलीचे तापमान किती, माणूस बसलेला होता की चालत होता (चालताना वारा लागून वीज सहज दुप्पट होते), आणि भार जोडून अर्ध्या तासानंतर किती मायक्रोवॅट उरले. पत्रकात यातले काही नसेल आणि नुसते व्होल्ट असतील, तर संशोधकांना एक ई-मेल पाठवावा. आकडे बहुधा त्यांच्या निबंधातच असतात.

आपले,
थर्मोइलेक्ट्रिक मोजमाप शिकवणारे काही अध्यापक, पुणे